बाबालाल खोगीरवाला आणि सरकारांचा तांबडा दिवा

बाबालाल खोगीरवाला मिशांना आणि शिवणाच्या दोऱ्याला एकच मेण लावायचा. दोऱ्याला लावून उरलं तर मिशांना, मिशांना लावून उरलं तर दोऱ्याला. त्यामुळे कोल्हापुरात त्याच्या शिवणीइतकी ताठ मिशी नव्हती आणि त्याच्या मिशीइतकी ताठ शिवण नव्हती. या घरानं पिढ्यानपिढ्या घोड्यांची खोगिरं शिवली. आजा शिवायला बसला की घोडा हलत नसे, बाप बसला की चामडं हलत नसे, आणि बाबालाल बसला की समोरचा माणूस हलू शकत नसे, कारण शिवता शिवता तो आज्याच्या आणि बापाच्या गोष्टी सांगायचा आणि त्यांना शेवटचा टाका म्हणून नव्हता.

अशा माणसावर विजेची तार शोधत जमिनीवर उताणं पडायची पाळी यावी, हा काळाचा दोष. आणखी कुणाचा असलाच तर तो हंबीरराव सरकारांचा.

हंबीरराव हे रंकाळ्याच्या अंगाला राहणारे एक लहान सरदार. सरदारकी लहान, सरदार मोठे. तरुणपणी तालमीत कमावलेलं अंग. पुढं गुडघा दुखावला आणि कुस्ती सुटली, पण खुराक सुटला नाही. बदाम, दूध आणि तूप रोज येत राहिलं, आणि जायला वाट नाही म्हणून अंगावरच वस्तीला राहिलं. जर्मनाची लढाई संपल्यावर पुण्यात लष्कराची मोडीत काढलेली चीजवस्तू विकायला आली. सरकार तिथं घोडा बघायला गेले आणि मोटारसायकल घेऊन आले. रंग हिरवा, पोटात बॅटरी, पुढं परातीएवढा दिवा आणि मागं डाळिंबाच्या दाण्यासारखा एक तांबडा दिवा. सरकारांचा जीव जडला तो या मागच्यावर. पुढचा दिवा आपल्याला रस्ता दाखवतो, ते कामच झालं त्याचं. मागचा दिवा मात्र आपण निघून गेल्यावर लोकांना दाखवतो की बाबांनो, कोण गेलं बघा. सरदाराला दुसरं काय हवं असतं?

मोटारसायकल आली तसे घोडे विकले गेले. पागा राहिली, आणि पागेबरोबर बाबालाल राहिला. सरकारांनी त्याला पंधरवडाभर पुण्याला धाडून एका फिटरकडून गाडीची विद्या शिकवून आणली. बाबालालनं ती घोड्याची विद्या म्हणूनच घेतली. गाडीला तेल पाजायचं, पुसायची, आणि अंगावर हात फिरवत बोलायचं. फिटरनं विजेबद्दल दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या बसवल्या होत्या. पहिली अशी की फ्यूज म्हणजे काचेची नळी आणि तिच्यात केसाएवढी तार. कुठं तांब्याची उघडी तार गाडीच्या लोखंडाला टेकली, की वीज दिव्यापर्यंत जायचे कष्ट न घेता मधूनच माघारी फिरते, आणि त्या धावपळीत हा केस जळतो. तो जळतो म्हणून बाकीची गाडी वाचते. दुसरी गोष्ट म्हणजे फ्यूज सारखा जळू लागला तर सगळ्या तारा सोडवायच्या आणि एकेक जोडत जायचं. जी जोडल्यावर जळेल ती चोर.

तोवर चोरी झाली नव्हती. सरकारांची तक्रार होती ती बैठकीची. विलायती सीट म्हणजे पातळ चामड्याची करवंटी. शिरोळपर्यंत गेलं की परतताना उभ्यानं यावंसं वाटायचं. तेव्हा बाबालालनं बाह्या सरसावल्या. घोड्याच्या केसांचं भरण, वर तांबडं चामडं, कडेनं पितळी फुल्यांच्या खिळ्यांची रांग. सीटखालून मागच्या दिव्याकडे जाणारी तार लोंबकळत होती, ती त्यानं चामड्याच्या बारीक नळीत घालून सीटच्या पोटाशी इतकी सुबक शिवून टाकली की तार आहे हे सांगावं लागावं. खंडेनवमीला तलवारींच्या शेजारी मोटारसायकलची पूजा झाली. नव्या बैठकीवर तांदूळ आणि सुपारी ठेवली. ती बघून सरकारांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कासाहेबांनी, जाहीर केलं की आता ही गादी झाली. हिच्यावर हंबीर सोडून दुसऱ्या कुणी बसायचं नाही.

आक्कासाहेब लवकर विधवा होऊन माहेरी आल्या होत्या आणि आईमागं भावाला त्यांनीच वाढवलं होतं. किती वाढवलं ते वर सांगितलंच आहे. त्यांचा शब्द म्हणजे त्या घरातला शेवटचा शब्द. त्याच्यानंतर बोलायचं ते कुत्र्यानं, तेही अंगणात.

दसरा झाला आणि सरकार संध्याकाळी फेटा बांधून बाहेर आले. शिरोळच्या वाटेवर एका मित्राच्या मळ्यात बैठक होती आणि तिथं अंधार पडल्यावर पोचायचं असा बेत होता. दिवसा पोचलं तर फक्त गाडी दिसते, अंधारात दिवे लावून पोचलं तर मालक दिसतो, असं त्यांचं मत. ते गादीवर बसले आणि त्यांनी कळ फिरवली. फ्यूजच्या डबीत ऊ मारल्यासारखा एवढासा आवाज झाला आणि दोन्ही दिवे आंधळे ते आंधळेच.

बाबालालनं फ्यूज बदलला. गाडी पागेत स्टँडवर लावून कळ फिरवली, तर दोन्ही दिवे लखलखीत. लाल उजेडात पागेची भिंत नव्या नवरीसारखी दिसायला लागली. सरकारांना बोलावलं. सरकार बसले. ऊ मेली. पुन्हा बदलला, पुन्हा लखलखाट, पुन्हा सरकार, पुन्हा ऊ. असं होत होत पुण्याहून आणलेल्या फ्यूजांची डबी हलकी होऊ लागली आणि सरकारांचा श्वास जड.

ही काय तालमीतली पोरं आहेत का एका डावात चीत व्हायला, असं म्हणून सरकारांनी फ्यूजच्या जागी एक दणकट खिळा घालायचा हुकूम दिला. बाबालालनं हात जोडले.

"फ्यूज म्हंजे दाराशी झोपलेलं कुत्रं हाय, सरकार. ते मरतंय म्हून चोर आलेला कळतोय. दगडाचं कुत्रं बसवलं तर घर जळंल."

सरकारांना कुत्रं पटलं, पण चोर पाहिजे होता. त्यांनी पागेच्या दाराकडे बोट केलं आणि सांगितलं की दिवा लागेपर्यंत बाबालालनं त्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही; जेवण घरून येईल, झोपायला गवत आहे. आणि मग प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि लागला की तुला गाडीचा कायमचा रखवालदार केला बघ. जल्मभर हितंच."

एवढं बोलून ते जेवायला गेले. बाबालाल मात्र गवतावर बसला तो बसलाच. दिवा लागला नाही तर पागेत, आणि लागला तर जन्मभर पागेत! उंदीर पकडायच्या पिंजऱ्यालासुद्धा एक दार असतं.

कारण बाबालालला पागेतून सुटायचं होतं. त्याच्या मनात जयसिंगपूर भरलं होतं. तिथं नवी पेठ वसत होती. त्याचा साडू दिलदार यानं तिथं जागा मिळवली होती, आणि बैलांचे पट्टे, म्होरक्या, घुंगुरमाळा असं सगळं चामड्याचं सामान विकायचं दुकान घालायचं ठरवलं होतं. शिरोळचा ऊस, गुऱ्हाळं, गाड्यांच्या रांगा. गिऱ्हाईक दारातून वाहत जाणार. त्याला हवा होता शिवणारा हात. दसऱ्याच्या आधी तो येऊन सांगून गेला होता, "घोडं संपलं, बाबालालभाई. बैल संपायचा न्हाय." गुऱ्हाळं लागेपर्यंत तो वाट बघणार, नाही तर दुसरा कारागीर घेणार. बाबालालनं मनातल्या मनात त्या दुकानात बसायची जागासुद्धा ठरवली होती. उजेड डावीकडून यायचा आणि येणारा-जाणारा समोरून, म्हणजे शिवण आणि गोष्टी दोन्ही चालू राहतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको मदिना भाकरी घेऊन पागेच्या दाराशी आली. हे जोडपं घरात आपसांत दख्खनी बोले, पण भांडण नेहमी मराठीत करी. भांडण चार लोकांना कळलं नाही तर केल्याचं समाधान कसलं?

"लागला का दिवा?"

"न्हाय."

"आमच्या चुलीत वीज न्हाय, तरी ती दोन येळला लागतीया."

बाबालालनं भाकरी मोडली. मदिनानं पुढं सांगितलं की दिलदारचा सांगावा आला आहे. मिरजेचा एक कारागीर जागा बघून गेला म्हणे. पहिलं गुऱ्हाळ पेटायच्या बेतात आहे. ती म्हणाली, "मी गाठोडं बांधून ठिवलंय. त्यात तुमचा एक सदरा हाय आणि माझी समदी लुगडी. आता तुमी यायचं का सदऱ्यानंच यायचं, ते सांगा." मग मोकळं भांडं उचलून ती गेली, आणि पागेतला मोतद्दार पिराजी, ज्याला घोडे गेल्यापासून हसायशिवाय काम उरलं नव्हतं, तो दिवसभर हसला.

बाबालाल कामाला लागला. फिटरनं सांगितल्याप्रमाणे त्यानं सगळ्या तारा सोडवल्या आणि एकेक जोडली. फक्त पुढचा दिवा जोडला आणि सरकारांना बसवलं. दिवा जळत राहिला. भोंगा जोडला, सरकार बसले, भोंगा वाजला, रंकाळ्यावरच्या म्हशी पळाल्या. मागच्या दिव्याची तार जोडली, सरकार बसले, ऊ मेली. चोर सापडला होता, निदान त्याची गल्ली सापडली होती. बाबालाल मागच्या दिव्यावर तुटून पडला. काच काढली, खोबण घासली, तार दोन्ही टोकांनी तपासली, मडगार्डाजवळ जिथं जिथं ती लोखंडाला लागून जाते तिथं तिथं कापड गुंडाळलं. सगळं बघितलं. फक्त सीटखालचा तेवढा तुकडा उसवला नाही. तो तर त्यानं स्वतः शिवला होता! आपल्या टाक्यावर संशय घ्यायचा म्हणजे बापाच्या टाक्यावर घ्यायचा, आणि बापावर संशय घेणाऱ्याचं पुढं काय होतं ते सांगायला नको.

तोवर घराघरात कारणं तयार होऊ लागली होती. कुणी म्हणालं विकलेल्या घोड्यांचा तळतळाट. कुणी म्हणालं नजर. सरकारांना स्वतःला वाटू लागलं की गाडी फक्त बाबालालच्या हातालाच ओळखते, कारण त्यानं कळ फिरवली की लागतो आणि आपण फिरवली की जातो. आणि तसं असेल तर बाबालालला कधीच सोडता येणार नाही, हेही त्यांनी ओघात सांगून टाकलं. शेवटी एका सकाळी सरकार चिडून आले आणि गाडीच्या शेजारी उभं राहूनच त्यांनी खाडकन कळ फिरवली.

दोन्ही दिवे लागले.

पिराजीनं टाळी वाजवली. सरकारांच्या चेहऱ्यावर लहान पोराचं हसू आलं. "अरं, लागला की माज्या हातानं!" असं म्हणत त्यांनी टांग टाकली आणि गादीवर बसले. ऊ मेली.

तिथं गणपतराव कारभारी उभे होते. या माणसाला खाऱ्या विहिरीतसुद्धा साखर दिसायची. त्यांनी हलकेच सुचवलं की यंत्राला सरकारांचं तेज सोसत नसावं. सरकारांना हे बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि ते तसेच घरात गेले.

बाबालालच्या डोक्यात मात्र त्या क्षणी सगळं उजाडलं. हाताचा प्रश्न नव्हताच. प्रश्न बसण्याचा होता. सरकार बसले की काहीतरी दबतंय आणि दबलं की टेकतंय. पण हे सांगायचं कुणाला? 'सरकार, आपल्या वजनानं' असं वाक्य सुरू करायचं, तर ते पुरं करायला बाबालाल जागेवर असला पाहिजे. सरकार बसलेले असताना खाली उताणं पडून वर बघायचं, तर सरदारांच्या बुडाखाली डोळे लावून बसलेला माणूस म्हणून सात पिढ्या नाव होणार. दुसऱ्या कुणाला बसवावं, तर आक्कासाहेबांची गादी. स्वतः बसावं, तर तीच गादी. शिवाय बाबालालचं वजन एवढं की तो खुर्चीवर बसला तरी खुर्चीला वाटायचं कुणी टोपी ठेवली.

विचार करकरून त्यानं दुपारी पिराजीला माजघराच्या दाराशी धाडलं आणि त्याच्या तोंडून आक्कासाहेबांना अदबीनं एक धर्माचा प्रश्न विचारला. त्या गादीवर माणूस बसायचा नाही हे खरं. पण अन्न बसलं तर चालेल का?

आक्कासाहेबांनी क्षणभर विचार केला. अन्न म्हणजे पूर्णब्रह्म, तांदूळ तर पूजेलाच ठेवला होता. चालेल, म्हणाल्या, पण आजऱ्याचा तांदूळ आहे, एक दाणा सांडला तर बघ, म्हणून त्या स्वतःच पदर खोचून पागेत आल्या.

बाबालालनं फ्यूज घातला, कळ फिरवली, दिवे लावले आणि गाडीखाली उताणा पडला. पिराजीनं तांदळाचं एक पोतं उचलून गादीवर ठेवलं. दिवे जळत राहिले. बाबालालनं आणखी मागितलं. पिराजीनं वर अर्धं पोतं चढवलं. सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या, खाली आल्या, आणि बाबालालच्या नाकासमोर, त्याच्या स्वतःच्या सुबक शिवणीत, एक निळी ठिणगी चमकली. दिवे गेले.

"दीड पोतं," आक्कासाहेब गंभीरपणे म्हणाल्या. "बराबर हाय. हंबीरच."

पोती उतरवून पिराजी ती परत ठेवायला गेला. बाबालालनं सुरी काढली आणि आपलाच टाका उसवला. आत चामड्याच्या नळीला एक भोक, तारेच्या वेष्टणाला एक भोक, आणि त्यातून आत डोकावणारं एका खिळ्याचं टोक. खिळा सीटच्या लोखंडी पट्टीतून खाली आला होता. सीट वर असली की तो तांब्यापासून केसभर दूर. सीट दबली की सरळ तांब्यात.

हा खिळा कशासाठी मारला होता ते बाबालालला चांगलं ठाऊक होतं. खोगीर पुरं झालं की त्याच्या घरात एक खिळा जास्तीचा, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, मुद्दाम रांग सोडून वाकडा मारायची रीत. काम अगदीच बिनचूक झालं तर त्याला नजर लागते, म्हणून ही एक चूक कारागिरानंच हौसेनं करून ठेवायची. आज्यानं मारला, बापानं मारला, आणि एकाही घोड्याची आजवर तक्रार आली नव्हती. पण घोड्याच्या पाठीतून तांब्याची तार जात नाही.

त्यानं खिळा उपसला आणि तळहातावर घेतला. आक्कासाहेब अजून तिथंच होत्या. त्यांनी खिळ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. बाबालालनं सगळं सांगून टाकलं. रीत, वाकडा खिळा, तार. आता त्या ओरडतील म्हणून तो मान घालून उभा राहिला. त्या ओरडल्या नाहीत. पागेच्या उंबऱ्यावर बसल्या.

"ह्यो दिवा लागला तर काय हुईल, ठावं हाय तुला? हंबीर रोज सांजचं भाईर पडणार. मळ्यातल्या बैठका, वढ्यातल्या वाटा, आणि त्ये धूड. घोडी हुती तवर अंधार पडला की घोडं घराकडं वळायचं, मग ती विलायती बैठक टोचायची म्हून हंबीर वळायचा. अंधार पडला की माणूस घरला येतंय, ही देवानं केलेली सोय हाय बाबालाल. ती तू मोडू नगोस."

बाबालालनं तळहातावरचा खिळा उलटा केला.

"नजर लागू नये म्हून मारलास न्हवं?" आक्कासाहेब उठत म्हणाल्या. "मग ऱ्हाऊ दे की त्यो हुता तितंच. आज सांजला दिवा न्हाय लागला तर तुला मोकळा करायचं मी हंबीरकडनं कबूल करून घेतो. जा जयसिंगपूरला."

आणि त्यांनी केलंही. भावाला जेवताना समजावलं की याला हे जमत नाही, याला सोड आणि पुण्याहून माणूस बोलव. सरकार कबूल झाले. आज संध्याकाळी शेवटचा प्रयत्न; लागला तर ठीक, नाही तर बाबालाल मोकळा.

पिंजऱ्याला दार सापडलं होतं. बाबालालनं खिळा होता तिथंच पुन्हा ठोकला. तार, नळी, टाका सगळं जसंच्या तसं केलं. हात जरा जड चालला, पण चालला. मनात जयसिंगपूर होतं, डावीकडचा उजेड होता. त्यानं आपलं सामान कापडात बांधलं आणि मिशांना मेण लावलं.

संध्याकाळी सगळे अंगणात जमले. सरकार, गणपतराव कारभारी, पिराजी, आणि दारात आक्कासाहेब. सरकार गादीवर बसले, कळ फिरवली, ऊ मेली. बाबालाल पागेच्या दारातच सरकारांच्या शिव्यांची वाट बघत उभा होता. शिव्यांची त्यानं तयारी ठेवली होती. पण सरकार शिव्या देईनात. अंधारात गाडीवर तसेच बसून राहिले, आणि मग अगदी मायेनं म्हणाले, "जा बाबालाल. तुजी चूक न्हाय. न्हाय जमलं तुला. तुज्या बाला जमलं असतं."

बाबालालनं मुजरा केला. सामान उचललं. पागेच्या दाराबाहेर पाऊल टाकलं. समोर रस्ता, रस्त्याच्या शेवटी मदिना, गाठोडं, आगगाडी आणि नवी पेठ. एक पाऊल, दुसरं पाऊल.

आता इथं कुणी म्हणेल की त्याचं प्रामाणिक मन त्याला खाऊ लागलं. मन वगैरे काही नाही. प्रामाणिकपणाला त्यानं दुपारीच झोपवलं होतं आणि तो छान घोरत होता. बाबालालला खाल्लं ते 'न्हाय जमलं' या दोन शब्दांनी. उद्या गणपतराव ते गावभर सांगणार, त्यात साखर घालून. पिराजी हसणार. पुण्याचा कोणीतरी येऊन ती शिवण उसवणार, आत वाकडा खिळा बघणार आणि म्हणणार, कुठल्या गाढवानं मारला हा? आणि शेजारी उभं राहून कुणी सांगायचं, की गाढव नव्हे हो, तीन पिढ्यांची रीत आहे?

तो माघारी वळला. सामान खाली टाकलं, सुरी काढली आणि सर्वांसमोर गाडीखाली शिरला. टाका कापला. खिळा उपसून त्यानं मागं न बघता अंधारात भिरकावला. उघड्या तारेला मेणकापड गुंडाळलं आणि डबीत नवा फ्यूज बसवला.

"बसा, सरकार."

सरकार बसले. कळ फिरवली. अंगण उजळलं. मागं आक्कासाहेबांचं पांढरं लुगडं तांबडं दिसायला लागलं. सरकारांनी गादीवर एकदा उडी मारून बघितली, दोनदा मारून बघितली. स्प्रिंगा रडल्या, दिवे हलले नाहीत. सरकारांनी वळून विचारलं, चोर कोण होता? बाबालालनं सांगितलं की एक खिळा होता.

"मारला कुणी हुता?"

"मीच, सरकार."

"आणि काढला कुणी?"

"मीच."

सरकारांनी विचार केला. असा विचार ते फार क्वचित करत, पण केला की पक्का करत. "मग लेका, तू गेलास तर म्होरला कोण काढणार?"

यावर कारभाऱ्यांनासुद्धा साखर घालायला जागा उरली नाही. सरकार दिवे लावून, भोंगा वाजवत गेटाबाहेर पडले. तो डाळिंबाचा दाणा वळणापर्यंत दिसत राहिला. आक्कासाहेबांनी बाबालालकडे बघितलं नाही. त्या आत गेल्या.

घरी मदिनानं सगळं ऐकून घेतलं. ती पहिल्यांदाच भांडली नाही. म्हणजे दख्खनीत बोलली, आणि हे भांडणापेक्षा वाईट होतं. मग गाठोडं सोडलं आणि लुगडी एकेक करून पुन्हा दांडीवर टाकली. सदरा शेवटी काढून त्याच्या अंगावर फेकला. एवढंच मराठीत म्हणाली, "घ्या. घाला. रखवालदारानं नीटनेटकं असावं." जयसिंगपुरात मिरजेचा कारागीर बसला. पुढं सणासुदीला दिलदार आला की दुकान कसं चाललंय ते सांगायचा. बाबालाल ऐकायचा, आणि त्या कारागिराचा टाका कसा विरळ असणार यावर तासभर बोलायचा. पाहिला मात्र त्यानं तो कधीच नाही.

रखवालदाराची नोकरी म्हणजे अशी, की गाडी बाहेर असेपर्यंत रखवालदारानं घरी जायचं नाही. गाडी परत आली, पुसली, झाकली, की मग सुट्टी. आणि गाडी आता रोज बाहेर जाऊ लागली. संध्याकाळी तो तांबडा ठिपका वळणावर नाहीसा झाला की बाबालाल पागेच्या पायरीवर बसायचा. पलीकडे स्वयंपाकघराच्या पायरीवर आक्कासाहेब बसायच्या, मागं भावाचं ताट झाकून. दोघांच्या मध्ये अंगण. त्या बोलत नसत, त्यामुळे तोही बोलत नसे; आणि बाबालालसारख्या माणसानं गप्प बसणं म्हणजे काय, ते त्याच्या मिशांना विचारावं. दोघंही फक्त कान देऊन असत. रंकाळ्याच्या बाजूनं काही घरघरलं की दोघंही एकदम मान वर करीत, आणि ती बैलगाडी निघाली की दोघंही एकदम खाली घालीत.

असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी, दोन बैलगाड्या फसवून गेल्यावर, आक्कासाहेब अंगणापलीकडून म्हणाल्या, "जेवलास का रं?"

"न्हाय, आक्कासायेब."

"मग बस तसाच. मीबी न्हाय."